रवांडात विकासाचं काम करणाऱ्यानं वेळापत्रक एप्रिलपासून का आखावं

तुमचा प्रश्न असा आहे. तुम्ही जानेवारीत रवांडातल्या बुगेसेरा जिल्ह्यात पाणी आणि शेतीच्या प्रकल्पावर वर्षभरासाठी चालला आहात. वरिष्ठांनी सांगितलंय की एप्रिल ते जुलै तिथे कामं रेंगाळतात, तेव्हा मार्चअखेर जमेल तेवढं उद्दिष्ट उरकून घ्या. तर वेळापत्रक कसं बसवावं, त्या महिन्यांतल्या 1994 च्या वंशसंहाराच्या स्मरणाच्या कार्यक्रमांना परक्या माणसानं जावं का, आणि दरवर्षी जखमेवरची खपली काढण्यापेक्षा पाणी, गाई, शाळा यांवरच जोर दिला तर लोक लवकर सावरणार नाहीत का, असं तुम्ही विचारलंय.

पहिल्याचं उत्तर आधी देते, बाकीची दोन त्यातूनच निघतात. वेळापत्रक एप्रिलपासून आखायला घ्या. मार्चअखेर उरकून टाकण्याचा सल्ला मी अनेक संस्थांत ऐकलाय. त्यामागे अशी समजूत असते की स्मरण हा लोकांचा शोक, विकास हे आपलं काम, आणि पहिलं दुसऱ्याच्या आड येतं. मी रवांडात पाणी आणि उपजीविकेच्या कामात बरीच वर्षं होते, आधी बुगेसेरात आणि पुढे दक्षिणेला हुयेत. माझं ठाम मत आहे की तिथे ही दोन कामं वेगळी नाहीतच. कोणाची जमीन कोण कसतंय, बचत गटात कोण कोणाशेजारी बसायला तयार नाही, चर खणताना माणसं मध्येच का थांबतात, या सगळ्याचं मूळ 1994 मध्ये असतं. ते समजून घ्यायची सर्वांत मोठी संधी एप्रिल ते जुलैच्या स्मरणाच्या शंभर दिवसांत मिळते, कारण एरवी न बोलणारी माणसं तेव्हा एकमेकांसमोर बोलतात.

घटनाक्रम तुम्हाला ठाऊक असेल, म्हणून थोडक्यात. 6 एप्रिल 1994 च्या रात्री राष्ट्राध्यक्ष हाब्यारिमाना यांचं विमान किगालीत पाडलं गेलं आणि 7 तारखेपासून अल्पसंख्य तुत्सींची आणि बहुसंख्य हुतूंपैकी कत्तलीला विरोध करणाऱ्यांची हत्या सुरू झाली. ती सुमारे शंभर दिवस चालली. संयुक्त राष्ट्रांचा अंदाज 8 लाखांचा, रवांडा सरकारचा 10 लाखांहून अधिक. बेल्जियन राजवटीनं 1930 च्या दशकात ओळखपत्रावर हुतू, तुत्सी, त्वा अशी नोंद आणली होती. रस्त्यावरच्या नाक्यांवर तीच नोंद पाहून माणसं बाजूला काढली गेली. 21 एप्रिलला सुरक्षा परिषदेनं तिथली शांतिसेना वाढवण्याऐवजी 270 माणसांवर आणायचा ठराव केला.

आपल्याकडचा आपत्तीनंतरचा अनुभव तिथे जसाच्या तसा चालत नाही. मी या क्षेत्रात आले ती किल्लारीच्या भूकंपानंतरच्या पुनर्वसनातून. 30 सप्टेंबर 1993 ला तिथे गावंच्या गावं जमीनदोस्त झाली, पण ढिगाऱ्याखालून माणूस काढायला पहिला धावला तो शेजारी. म्हणून नवी घरं, नवी गावठाणं यांवर भांडणं झाली तरी गाव गावच राहिलं. बुगेसेरात शेजाऱ्यानंच शेजाऱ्याला मारलं होतं. मारणारे कुठून चालून आले नव्हते. त्याच डोंगरावर राहणारे, एकाच चर्चमध्ये जाणारे, मुलांचे धर्मपिता झालेले लोक होते. आणि त्यानंतर दोघांनाही राहायचं होतं तिथेच. जिथे 'समाज' म्हणून जे काही होतं तेच हत्यार म्हणून वापरलं गेलं, तिथे आपण 'समाजाचा विकास' करायला जातो, एवढं आधी मनात पक्कं करा.

आता बुगेसेराविषयी, कारण तुम्ही तिथेच चाललात. हा सपाट, पाऊस कमी पडणारा, त्सेत्से माश्यांचा भाग होता. 1959 नंतर उत्तरेकडच्या तुत्सींना ट्रकमध्ये भरून इथे आणून टाकलं गेलं. त्यांनी जंगल तोडून शेतं केली. मार्च 1992 मध्ये इथे मोठी कत्तल झाली, तेव्हा न्यामातात अनेक वर्षं राहिलेल्या अँटोनिया लोकातेल्ली या इटालियन बाईंनी परदेशी रेडिओला फोन करून काय चाललंय ते सांगितलं. त्यांना गोळी घालून मारलं. न्यामाताच्या चर्चजवळ त्यांची कबर आहे. त्या वेळी चर्चमध्ये आसरा घेतलेले लोक वाचले होते, म्हणूनच 1994 मध्येही लोक चर्चकडे धावले. या वेळी हातबाँब टाकून दारं फोडली गेली. आज त्या चर्चच्या बाकांवर मेलेल्यांचे कपडे रचून ठेवलेत, पत्र्याच्या छपराला छऱ्यांची भोकं आहेत, आणि आवारात 45,000 हून अधिक लोकांचे अवशेष आहेत. न्यामाता, मुरांबी, बिसेसेरो आणि किगालीतलं गिसोझी ही चार स्मारकं सप्टेंबर 2023 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेली.

चर्चमधून जे निसटले ते पाणथळीत गेले. न्याबारोंगो आणि अकान्यारू नद्यांच्या काठी पपायरसची दाट दलदल आहे. माणसं दिवसभर चिखलात गळ्यापर्यंत बुडून, लव्हाळ्याच्या आड पडून राहायची. मारेकरी सकाळी रांगेनं शिरायचे, संध्याकाळी परतायचे. मग लपलेले बाहेर येऊन काही शिजवून खायचे आणि मेलेल्यांना जमेल तसं झाकायचे. असं आठवडे चाललं.

हे एवढं सविस्तर सांगतेय कारण तुमच्या प्रकल्पात पाणथळीतली भात-भाजीपाला शेती असणार. बुगेसेरात पाणी म्हटलं की पाणथळ येतेच. वरची जमीन कोरडी आहे, दुष्काळ पडतो. आराखड्यात तो पट्टा 'वापरात नसलेली सुपीक जमीन' म्हणून दिसेल. गटाची यादी कराल, शंभर सभासद होतील आणि त्यातले काही जण कधीच खाली उतरणार नाहीत. मुलाला पाठवतील, मजूर लावतील, वाटा सोडून देतील. हजेरीच्या वहीत ती माणसं आळशी ठरतात. एका गटातल्या एक वयस्क बाई दरवेळी बांधावर यायच्या, रोपांच्या जुड्या मोजून द्यायच्या आणि पाण्यात पाय न घालता परत जायच्या. गटाच्या सचिवाला कारण ठाऊक होतं, पण सभेत ते कोणी बोलत नव्हतं. एप्रिलमध्ये गावच्या स्मरणसभेत त्या स्वतः उठून बोलल्या: दलदलीत त्यांच्याबरोबर कोण होतं, आणि कोण बाहेर आलं नाही. त्यानंतर गटानं ठराव केला की रोपवाटिका आणि हिशेब ही कामंही लावणीइतकीच धरायची. प्रश्नावलीतून हे बाहेर आलं नसतं. त्या सभेत तुमच्या संस्थेचं माणूस बसलेलं हवं, ते अशासाठी.

दुसरी गोष्ट, जी विकासवाले हमखास विसरतात: गचाचाच्या वह्या. 1990 च्या दशकाच्या शेवटी तुरुंगांत सव्वा लाखाच्या आसपास माणसं कोंबलेली होती आणि नेहमीच्या न्यायालयांना त्यांचे खटले संपवायला शंभर वर्षंही पुरली नसती. म्हणून गावातल्या जुन्या पंचायतीच्या धर्तीवर गचाचा न्यायालयं उभी केली गेली. 2002 मध्ये प्रायोगिक, 2005 पासून देशभर, जून 2012 मध्ये समारोप. गावानंच निवडलेले पंच, गवतावर किंवा झाडाखाली बसलेला गाव, दर आठवड्याला सुनावणी. एकूण साडेएकोणीस लाखांवर प्रकरणं निकाली निघाली. त्यातली 13 लाखांहून अधिक मालमत्तेची होती, म्हणजे दर तीनातली दोन. छपराचे पत्रे, दारं, भांडी, शेळ्या, कॉफीची झाडं, मारून खाल्लेल्या गाई. या प्रकरणांत शिक्षा तुरुंगाची नव्हती, भरपाईची होती. आणि भरपाई करायची ती कफल्लक माणसांनी. अनेकांनी ती वर्षानुवर्षं केलीच नाही, काहींना माफी मिळाली, काहींनी श्रम करून फेडली.

म्हणजे तुम्ही बचत गट काढता तेव्हा त्यात कोण कोणाचं देणं लागतो हे आधीच ठरलेलं असतं आणि ते तुमच्या पासबुकात कुठेच नसतं. ज्याच्याकडे गटातल्या एखाद्या विधवेच्या घराच्या पत्र्यांची भरपाई बाकी आहे, त्याला गटातून कर्ज मंजूर करायला तिनं हात वर करावा अशी आपली अपेक्षा असते. तिनं नकार दिला तर अहवालात 'गटांतर्गत मतभेद' असं लिहिलं जातं. मी सुचवेन की गट बांधण्याआधी गावच्या प्रमुखाबरोबर आणि वाचलेल्यांच्या 'इबुका' संघटनेच्या स्थानिक प्रतिनिधीबरोबर बसा आणि जुनी येणी-देणी कुठवर आलीत ते विचारा. काही गटांनी पहिल्या वर्षाच्या नफ्यातून आधी हीच देणी फेडायची असं ठरवलं. ते गट टिकले.

जमिनीचंही असंच. 1994 मध्ये पाच-सहा वर्षांची असलेली अनाथ मुलं मोठी होऊन परत आली तोवर शेत काकाच्या किंवा शेजाऱ्याच्या ताब्यात होतं. 1999 च्या कायद्यानं मुलींना वारसाहक्क मिळाला, पुढे देशभर जमिनीची नोंदणी झाली, त्यामुळे विधवांच्या हाती कागद आला. ही फार मोठी गोष्ट आहे. पण बुगेसेरात नवा विमानतळ येतोय, जमिनीचे भाव चढलेत, आणि कागद असूनही एकट्या बाईवर विकण्यासाठी दबाव येतो. पाइपलाइन कोणाच्या बांधावरून जाते ते नकाशावर पाहून थांबू नका, बांधाचा इतिहास विचारा.

गिरिंका योजनेबद्दल तुम्ही वाचलं असेल. 2006 पासून गरीब कुटुंबाला एक गाय मिळते. तिला झालेली पहिली कालवड शेजारच्या गरजू कुटुंबाला द्यायची. जुलै 2018 मध्ये आपल्या पंतप्रधानांनी बुगेसेरातल्याच र्वेरू गावात या योजनेत 200 गाई दिल्या, तेव्हा भारतीय म्हटल्यावर हा विषय निघणारच. दूध आणि शेणखत हा फायदा उघड आहे. मला महत्त्वाचं वाटतं ते कालवड सुपूर्द करण्याचं. रवांडात गाय देणं म्हणजे कायमचं नातं जोडणं. लग्न ठरतं तेही गाईवर, आणि गाय देताना तिची स्तुती गाणारा खास माणूस असतो. मी पाहिलेल्या एका कार्यक्रमात देणारी बाई नवरा-मुलं गमावलेली होती आणि घेणारा होता शिक्षा भोगून आलेल्या माणसाचा मुलगा. गवतावर लोक गोल करून उभे होते. कालवडीच्या गळ्यात केळीच्या सोपटाचा नवा दोर होता. बाईनं दोर पुढे केला, मुलानं तो दोन्ही हातांनी घेतला आणि मग कितीतरी वेळ दोघांनीही धरून ठेवला, कारण कालवड मागे ओढत होती. स्तुती गाणारा गात राहिला. कोणी कोणाची क्षमा मागितली नाही. दुसऱ्या आठवड्यापासून तो मुलगा तिच्या गोठ्यातलं शेण काढायला येऊ लागला.

यातून 'गाईमुळे सलोखा झाला' असा निष्कर्ष काढू नका. ती कालवड कोणाला द्यायची हे आधी गावात कित्येक महिने बोललं गेलं होतं, आणि बाईला नाही म्हणायची मुभा होती. ही मुभाच कळीची आहे. प्रकल्पाचा छायाचित्रकार यायचाय म्हणून वाचलेली बाई आणि गुन्हेगाराचं कुटुंब यांना शेजारी उभं करणाऱ्या संस्था मी पाहिल्यात. मला ते सहन होत नाही. तुमच्याकडून तशी मागणी झाली तर स्पष्ट नकार द्या.

उमुगांदा म्हणजे महिन्याच्या शेवटच्या शनिवारचं सक्तीचं श्रमदान. सकाळी 8 ते 11, 18 ते 65 वयाच्या सगळ्यांनी यायचं, नंतर तिथेच गावसभा. चर, रस्ते, झाडं, निराधारांची घरं यांचं अफाट काम यातून झालं आहे, आणि किगालीची स्वच्छता पाहून आपले लोक भारावतात. पण ही व्यवस्था नवी नाही. 1970 च्या दशकात हाब्यारिमाना सरकारनं ती देशभर लावली होती आणि दर घरापर्यंत पोचणारी तीच प्रशासकीय उतरंड 1994 मध्ये माणसं मारायला जमवण्यासाठी वापरली गेली. वरून हुकूम आला की खाली तो पाळला जायचा. स्थानिक प्रमुख कोण आहे यावर किती अवलंबून होतं याचं उदाहरण बुतारेचं, म्हणजे आजच्या हुयेच्या भागाचं. तिथले प्रीफेक्ट, म्हणजे प्रांतप्रमुख, ज्याँ-बाप्तिस्त हाब्यालिमाना यांनी जवळजवळ दोन आठवडे कत्तल रोखून धरली. त्यांना पदावरून काढलं, 19 एप्रिलला हंगामी राष्ट्राध्यक्षांनी तिथे येऊन भाषण केलं आणि त्यानंतर बुतारेत जे झालं ते देशातल्या सर्वांत भीषण कत्तलींपैकी होतं. उलट उत्तरेकडच्या गितीत प्रमुखानं सुरुवातीलाच लुटालूट करणाऱ्यांना आवरलं, आणि तिथे हत्याकांड घडलं नाही.

तुमच्यासाठी याचा अर्थ असा: सभेत सगळे 'हो' म्हणाले म्हणून लोकांची संमती मिळाली असं धरू नका. रवांडातला गावकरी अधिकाऱ्यासमोर नाही म्हणत नाही. का, ते वर आलंच. खरा होकार हवा असेल तर घरी जा, बायकांच्या कामाच्या जागी बसा, एकच प्रश्न दोन-तीन वेगवेगळ्या लोकांकरवी विचारा आणि नकाराला जागा ठेवा. हुयेतल्या माराबाची कॉफी सहकारी संस्था 1999 मध्ये उभी राहिली, तीत विधवा पुष्कळ होत्या. कॉफी धुण्याच्या केंद्रावर बायका लांब टेबलांशी उभ्या राहून खराब बिया वेचतात, तासन्‌तास. कोणाचा नवरा मारला गेला, कोणाचा तुरुंगात, सगळ्या एकाच टेबलाशी. हात चालू असतात, डोळे बियांवर असतात, म्हणून बोलणं जमतं. मला गावाविषयी जे खरं कळलं त्यातलं बरंचसं अशा टेबलांशी कळलं.

आता खणण्याबद्दल. तुमचं काम पाण्याचं, म्हणजे खड्डे आलेच. अवशेष अजून सापडतात. 2018 मध्ये किगालीलगत सामूहिक खड्डे सापडले आणि मे 2019 मध्ये 84,000 हून अधिक जणांचे अवशेष सन्मानानं दफन झाले. जानेवारी 2024 मध्ये हुयेत एका घराच्या पायाजवळ शंभराहून अधिक जणांचे मिळाले. या खड्ड्यांवर घरं उभी होती, लोक राहत होते, आणि शेजाऱ्यांना माहीत होतं. त्यामुळे टाकीचा पाया किंवा शोषखड्डा घेताना हाड, कापड, बूट, जपमाळ काहीही लागलं तर तिथेच थांबायचं. कंत्राटदाराला करारातच लिहून द्या की अशा वेळी काम थांबवल्याबद्दल दंड लागणार नाही आणि मजुरांची मजुरी कापली जाणार नाही. नाहीतर तो माती ओढून पुढे जाईल. अवशेष नष्ट करणं तिथे गुन्हा आहे. आधी गावप्रमुखाला कळवा, तो प्रशासनाला आणि इबुकाला कळवेल. मग वाचलेले लोक येतात. बायका खाली बसतात आणि एकेक हाड हातानं पुसून, धुऊन, कापडावर वाळत ठेवतात. स्वेटरची वीण, फ्रॉकचं कापड, दाताची फट यांवरून कोणीतरी ओळखलं जातं. तिथे तुमचं काम पाणी, साबण, सावलीसाठी ताडपत्री आणि पिण्याचं पाणी पोचवणं एवढंच. फोन खिशात ठेवा.

दफन बहुधा स्मरणाच्या काळात होतं. 7 एप्रिलला सुट्टी असते, देशात ज्योत पेटवली जाते आणि 13 तारखेपर्यंत शोकाचा आठवडा. लग्नं नाहीत, मोठ्यानं गाणी नाहीत, ध्वज अर्ध्यावर, आणि गावोगाव चर्चा. पुढे 4 जुलैपर्यंत प्रत्येक ठिकाणाची स्वतःची तारीख. किगालीतल्या तांत्रिक शाळेतून बेल्जियन सैनिक निघून गेल्यावर तिथे आसरा घेतलेल्या 2,000 हून अधिक लोकांना न्यान्झा टेकडीकडे चालवत नेऊन मारलं, ती 11 एप्रिल. मुरांबीची 21 एप्रिल. तुमच्या कामाच्या प्रत्येक गावाची, शाळेची, दवाखान्याची तारीख जानेवारीतच विचारून घ्या आणि ती कॅलेंडरवर आधी लिहा. त्या दिवशी जा, तुम्ही परके असलात तरी. मागे बसा, साधे कपडे घाला, बोलायला सांगितलं तर दोन वाक्यांत कृतज्ञता व्यक्त करा. न जाणं हा तिथे अनादर समजला जातो, आणि खरं सांगायचं तर तो असतोही. एक पथ्य पाळा: कोणालाही तू हुतू की तुत्सी असं विचारू नका, प्रश्नावलीत तसा रकाना आडवळणानंही आणू नका.

सभेत कोणी ओरडत कोसळेल, कोणाचा श्वास कोंडेल, कोणी पळत सुटेल, जणू मारेकरी मागे आहेत. रेडक्रॉसचे आणि गावचे प्रशिक्षित स्वयंसेवक त्यांना बाजूच्या शांत खोलीत नेतात. तुम्ही धरायला धावू नका, गराडा घालू नका. हे 1994 नंतर जन्मलेल्या मुलांनाही होतं. आणि लक्षात ठेवा, तुमच्या कार्यालयातही हेच आहे. ड्रायव्हर, लेखापाल, क्षेत्र कार्यकर्ती, प्रत्येकाच्या घरात या शंभर दिवसांचं काहीतरी आहे, एका बाजूचं किंवा दुसऱ्या. एप्रिलमध्ये अहवाल उशिरा आला म्हणून खुलासा मागू नका.

आता खपली काढण्याबद्दल. स्मरण नसेल तर विसर पडेल असं तुम्ही गृहीत धरलंय. तसं होत नाही. आठवण एप्रिलमध्ये येतेच, पाऊस आणि शेतातली उभी ज्वारी घेऊन येते. फरक एवढाच की ती एकट्या घरात येते की माणसांत. विद्यापीठातल्या अनाथ मुलांनी 1996 मध्ये स्वतःची संघटना काढून आपसांत 'कुटुंबं' केली. त्यात एक विद्यार्थी बाप, एक विद्यार्थिनी आई. फी, आजारपण, लग्न, सगळं त्या कुटुंबानं पाहायचं. 1995 च्या सुरुवातीला विधवांनी अवेगा आगाहोझो ही संघटना उभी केली, ती रडायला एकत्र येण्यातून. तीच पुढे दवाखाने, घरं, वकील उभे करू लागली. हे घडलं तेव्हा वंशसंहाराचे खटले चालवणाऱ्या, टांझानियातल्या आरुषाच्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणातल्या आरोपींना एचआयव्हीची औषधं मिळत होती आणि ज्यांच्यावर त्यांनी अत्याचार घडवले त्या बाया औषधाविना मरत होत्या. वाचलेल्यांच्या संघटनांनी या गोष्टीवर आवाज उठवला. 2005 मध्ये ब्युंबात सुरू झालेली सामाजिक उपचारांची पद्धतही बघा: गावातलेच दहा-पंधरा जण, त्यांतलाच प्रशिक्षित चालक, पंधरा आठवडे. सुरक्षितता, विश्वास, काळजी, आदर, नवे नियम आणि मग आठवणी, या क्रमानं. आठवणी शेवटी येतात हे मला फार शहाणपणाचं वाटतं. पुष्कळ गट ते पंधरा आठवडे संपल्यावर शेळ्या पाळू लागले किंवा भिशी करू लागले, कोणी सांगितलं नसताना.

स्मरणाबद्दल माझे आक्षेपही आहेत. ते एकाच साच्यात बसवलं जातं आणि त्या साच्यात न बसणारे मृत बाहेर राहतात. वंशसंहार थांबवून सत्तेवर आलेल्या रवांडा देशभक्त आघाडीच्या सैन्यानं 1994 मध्ये आणि नंतर केलेल्या हत्यांतले बळी, एप्रिल 1995 मध्ये किबेहो छावणीत मेलेले विस्थापित यांच्यासाठी गावात उघड रडता येत नाही. किबेहोत सरकारचा आकडा 338 होता. तिथल्या शांतिसेनेतल्या ऑस्ट्रेलियन तुकडीनं 4,000 च्या आसपास मोजले होते. तुत्सींचा वंशसंहार आणि या हत्या एका मापानं तोलता येत नाहीत, आणि कोणी तसं तोलू लागलं तर ते नाकारण्याकडेच झुकतं. पण ज्या बाईचा मुलगा किबेहोत गेला तिचा शोक खरा आहे. तुम्ही तिच्या अंगणात बसलात आणि ती बोलली, तर ऐकून घ्या, लिहून घेऊ नका. वंशसंहार नाकारण्याविरुद्धचा कायदा कडक आहे, तुम्ही परत जाल, ती तिथेच राहील.

आणखी दोन गट डोळ्यांआड राहतात. बलात्कारातून 1995 मध्ये जन्मलेली मुलं: वाचलेल्यांसाठीच्या सरकारी निधीची मुदत 31 डिसेंबर 1994 पर्यंतची होती, म्हणून आईला मदत मिळाली तरी मूल पात्र ठरलं नाही. ती आता तिशीत आहेत, बहुतेक भूमिहीन, आईच्या माहेरीही नकोशी. प्रशिक्षणाच्या यादीत त्यांना जागा ठेवा, ओळख उघड न करता. दुसरे म्हणजे लांब शिक्षा संपवून परतणारे. वीस-तीस वर्षांनी आलेल्या माणसाला गावातली नवी वाट ठाऊक नसते, बायको दुसऱ्याची झालेली असते, आणि वाचलेल्या बाईला तो विहिरीवर अचानक दिसतो. कोण कधी येणार हे प्रशासनाकडून आधी कळवून घ्या आणि पाण्याच्या वेळा, रांगा लावताना ते डोक्यात असू द्या.

राहिले पैसे. अंदाजपत्रकात एप्रिल ते जुलैचा पगार पूर्ण धरा आणि भौतिक उद्दिष्टं निम्मी. लोकांना स्मारकापर्यंत नेण्या-आणण्याची बस, समुपदेशकाचं मानधन, अवशेष सापडले तर थांबलेल्या कामाची मजुरी, पर्यायी जागेची तपासणी, असे चार वेगळे रकाने टाका. 'इतर खर्च' या नावाखाली दडवू नका. निधी देणाऱ्याला कारण सरळ लिहा. भाताच्या रोपवाटिकेचं प्रशिक्षण फेब्रुवारीत घ्या, पाया खोदण्याची कामं जुलैनंतर कोरड्या दिवसांत ठेवा, आणि एप्रिलमध्ये फक्त चालू पाणीयोजनांची देखभाल. हे सगळं जानेवारीतल्या पहिल्या बैठकीतच मांडा. मार्चमध्ये मांडलंत तर वरिष्ठांना ती सबब वाटेल आणि मंजूर होणार नाही.